जुनी ओम्नी-ईको घेताना: बेळगाव सीमाभागातून वारंवार येणारे प्रश्न

आमचं लग्नकार्याच्या जेवणाचं काम. खानापूरपासून निपाणीपर्यंत पातेली, शेगड्या, तांदळाची पोती आणि वाढपी मंडळी एकाच गाडीतून नेण्यात बरीच वर्षं गेली. त्यामुळं "स्वस्तात एखादी व्हॅन बघा की" असं सांगणारे सारखे भेटतात. भाजीवाले, भजनी मंडळवाले, हातमागाची साडी घेऊन बाजार करणारे, सगळ्यांचे प्रश्न फिरून तेच असतात. ते इथं एकत्र लिहिले आहेत. उत्तरं वाचताना एक धरून ठेवा: इंजिन बिघडलं तर दुरुस्त होतं. कुजलेला पत्रा आणि अडकलेले पेपर मात्र गाडीच्या किमतीत दुरुस्त होत नाहीत.

१. ओम्नी घेऊ की ईको?

गावातल्या गावात, सपाट रस्त्यावर, चार-पाच माणसं किंवा थोडा माल असेल तर ओम्नी पुरते. तिचं इंजिन ७९६ सीसी, तीन सिलिंडरचं, गिअर चार. घाट, पूर्ण भरलेली गाडी आणि हायवे हे तुमचं रोजचं असेल तर पैसे थोडे जास्त घाला आणि ईको घ्या. ईको जानेवारी २०१० मध्ये आली, इंजिन सुमारे १२०० सीसी, गिअर पाच. भरलेली ओम्नी चोर्ला घाटात दुसऱ्या गिअरवर कण्हत चढते, ईको तिथंच दम न लागता जाते.

दोन्ही गाड्यांत इंजिन पुढच्या सीटखाली आणि ओढ मागच्या चाकांना. म्हणून मागे वजन असलं की गाडी चिखलातही धरून चालते, पण रिकामी गाडी जांबोटीकडच्या लाल चिखलात जागच्या जागी चाक फिरवत बसते. आम्ही पावसाळ्यात रिकामं परतताना मागे दोन वाळूची पोती टाकतो.

नोव्हेंबर २०२२ पासूनच्या ईकोला नवं इंजिन आहे आणि पेट्रोल कमी लागतं. पण ती अजून "स्वस्त जुनी" म्हणण्याजोगी झालेली नाही.

२. ओम्नी तर कंपनीनं बंद केली. मग पार्ट मिळतात का?

मिळतात. ओम्नी २०१९ मध्ये बंद झाली, पण १९८४ साली मारुती व्हॅन म्हणून आल्यापासून ती पस्तीस वर्षं बनत होती. शिवाय हे इंजिन मारुती ८०० च्या घराण्यातलं. क्लच प्लेट, गॅस्केट, ब्रेक लायनर कुठल्याही तालुक्याच्या गावी सापडतं. लेथचं काम निघालं तर बेळगावची उद्यमबाग औद्योगिक वसाहत आहेच. अडचण येते ती बॉडीच्या पार्टची: सरकत्या दाराचे रोलर, रेल, काचांची रबरं. दार नीट सरकत नसेल तर "नंतर बघू" म्हणू नका.

३. गाडी बघायला गेल्यावर सगळ्यात आधी काय बघू?

बॉनेट नको, टायर नको. आधी फरशी बघा, म्हणजे गाडीचा तळ.

माझ्या पहिल्या ओम्नीची सीट कव्हरं कोरी होती, खाली नवं रबरी मॅट डिंकानं चिकटवलेलं. छान ठेवलीय म्हणून मी मॅट उचललंच नाही. पहिल्याच पावसाळ्यात कणकुंबीच्या ऑर्डरला गेलो. उतरून बघतो तर तांदळाचं पोतं खालून ओलं. वरून एक थेंब गळालेला नव्हता. घरी येऊन मॅट कापलं तर मधल्या सीटखाली तळहाताएवढं भोक, त्यावर डबा कापून पत्र्याचा तुकडा ठेवलेला आणि वर डांबर फासलेलं. पाणी चाकानं उडून तिथून आत येत होतं. वेल्डिंगवाल्यानं भोकाच्या कडेला टोचा मारला तर टोचा आरपार गेला, पुढेही पत्रा शिल्लक नव्हता.

तेव्हापासून आम्ही असं बघतो. मॅट उचलायला लावायचं, मालक नको म्हणाला तर तिथूनच परतायचं. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं तळ ठोकत जायचं. चांगला पत्रा टणटण वाजतो, कुजका किंवा पुट्टी भरलेला भद्द वाजतो. सरकत्या दाराच्या खालच्या रेलमध्ये बोट घालायचं, तिथं माती साचून पाणी मुरतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. मग गाडीखाली आडवं होऊन टॉर्च मारायचा: मागच्या चाकांच्या कमानी, पुढचं क्रॉस मेंबर, ओम्नी असेल तर पाट्यांचे हँगर जिथं जोडलेत तो भाग. कपडे मळतील, मळू देत. बाहेरच्या पत्र्यावर छोटं लोहचुंबक फिरवा. ते धरत नाही तिथं पुट्टी आहे.

शेवटी चेसिस नंबर. आरसीवरचा आणि गाडीवर कोरलेला एक एक अंक जुळवा. तोच गंजानं खाल्ला असेल तर कितीही स्वस्त असो, सोडून द्या. आरटीओत पासिंगच्या वेळी त्या नंबरचा पेन्सिलनं छाप घेतात, आणि छाप उमटला नाही तर गाडी तुमच्या नावावर होणं अडतं.

४. गोव्याकडची, नाहीतर वेंगुर्ला-मालवणकडची ईको फार स्वस्तात मिळतीय. घ्यावी काय ओ?

खारी हवा पत्रा लवकर खाते, म्हणून प्रश्न ३ मधली तपासणी दुप्पट कडक करा. खास विचारायचं ते हे की गाडीतून मासळी जायची का? बर्फाचं खारट पाणी महिनोन्महिने तळात मुरलेलं असतं. वास अत्तर मारून झाकतात. गाडी उन्हात सगळ्या काचा बंद करून अर्धा तास उभी करा आणि मग दार उघडा.

५. इंजिन कसं तपासायचं? आम्हाला त्यातलं कळत नाही.

गाडी थंड असताना चालू करून बघायची असं मालकाला आधीच सांगा. गेल्यावर सायलेन्सर हात जवळ नेऊन बघा. गरम असेल तर "चहा घेऊ" म्हणून तासभर बसा. थंड इंजिन एका सेल्फात लागलं पाहिजे. निळा धूर राहिला तर ते ऑइल जाळतंय. ऑइलच्या झाकणाखाली ताकासारखं पांढरं दिसलं तर पाणी ऑइलमध्ये मिसळतंय, म्हणजे हेड गॅस्केटची शंका. पुढची सीट उचलून इंजिनभोवती ओल आणि रबरी पायपांच्या चिरा बघा. एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाड्या आत्ताच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेल्या नाहीत, म्हणून जुन्या गाडीचे पेट्रोलचे पाइप बदलून घेणं शहाणपणाचं.

मग चक्कर, आणि ती एकट्यानं सपाट रस्त्यावर नको. घरातली पाच-सहा माणसं बसवून वंटमुरीच्या घाटातून वर-खाली करा. चढावर उष्णतेचा काटा वर जातो का, क्लच सुटतो का, दुसरा गिअर उडतो का? उतरताना गिअरवर सोडल्यावर मागून हूंऽऽ असा आवाज आला तर डिफरन्शियलचं (मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गिअरचं) काम आहे. यातलं बरंचसं दुरुस्त होण्यासारखं असतं. मिस्त्रीकडून खर्च विचारा आणि तेवढा भाव पाडा.

६. पाच सीटची घेऊ की जास्त सीटची? मागची सीट काढून माल भरला तर चालतं का?

आरसीवर जेवढी सीट क्षमता लिहिली आहे तेवढीच माणसं. जास्त बसवली तर दंड होतो. भाड्याच्या गाडीला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४अ प्रमाणे दर जादा माणसामागं २०० रुपये दंड, आणि त्यांची दुसरी सोय होईपर्यंत गाडी जागची हलवू देत नाहीत. लग्नाच्या दिवशी हे परवडत नाही.

सात-आठ सीटच्या गाडीत सगळे बसले की सामानाला जागाच उरत नाही. म्हणून माणसं आणि माल दोन्ही न्यायचं असेल तर मी पाच सीटची सुचवतो, मागे मोकळी जागा मिळते.

मालाचं विचाराल तर घरचं सामान, प्रवासाचं सामान याला काही अडचण नाही. पण खासगी कारच्या पॉलिसीवर वापराची मर्यादा छापलेली असते. त्यात भाड्यानं वापर आणि मालवाहतूक दोन्ही वगळलेली असतात, नमुने आणि वैयक्तिक सामान तेवढं चालतं. म्हणजे रोज पहाटे पांढऱ्या प्लेटच्या ओम्नीतून मार्केट यार्डात भाजी घालत असाल आणि अपघात झाला तर विमा कंपनी तो कागद पुढे करते. धंद्याचा माल रोजचा असेल तर प्रश्न ८ बघा.

किती वजन घालायचं? आरसीवर रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीची मर्यादा लिहिलेली असेल तर वजाबाकी करा. त्यातून ड्रायव्हर आणि माणसांचंही वजन वजा करायचं असतं, हे सगळे विसरतात.

७. पांढऱ्या प्लेटच्या (खासगी) गाडीतून वडाप केलं, म्हणजे माणसी पैसे घेऊन प्रवासी नेले, नाहीतर शाळेची मुलं नेली तर?

करू नका. परमिटशिवाय भाडं मारलं तर कलम १९२अ खाली पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. दंड एकवेळ भरता येईल. पण भाड्याच्या माणसांना घेऊन अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते आणि भरपाई तुमच्या शेतावर, घरावर येते. शाळेच्या मुलांसाठी तर वेगळं परमिट आणि वेगळे नियम आहेत.

"सौंदत्तीला यल्लम्माला जाताना पेट्रोल वाटून घेतलं तर तेही भाडंच का?" असंही पुष्कळ जण विचारतात. घरची, भावकीची माणसं पेट्रोल मिळून टाकतात, त्याला कुणी वडाप म्हणत नाही. माणसी दर ठरवला आणि ओळखीच्या बाहेरचे बसवले की मात्र ते भाडं झालं.

८. ईको कार्गो स्वस्तात मिळतीय, पिवळी प्लेट. आठवडाभर माल आणि रविवारी घरचे, असं जमेल का?

माल जमेल, घरचे नाही. कार्गो ही मालवाहू गाडी म्हणून नोंदलेली असते. भरलेलं वजन ३००० किलोच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, हा तिचा मोठा फायदा. फिटनेस (गाडी रस्त्यालायक असल्याचा दाखला) मात्र लागतो: गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांनी एकदा, त्यानंतर दरवर्षी. विमाही व्यावसायिक. फिटनेस कधी संपतोय ते भाव करण्याआधी बघा, कारण संपलेला फिटनेस काढताना गाडीचं राहिलेलं सगळं काम निघतं.

मागे मालाच्या जागेत चटई टाकून माणसं बसवणं हा आपल्याकडचा जुना प्रकार. तिथं सीट नाही, पट्टा नाही आणि मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या माणसाचा विमाही नाही. रविवारी घरचे न्यायचे असतील तर पाच सीटचीच घ्या.

लायसन्सची काळजी नको. साधं हलक्या वाहनाचं लायसन्स असलेल्याला ७५०० किलोच्या आतली मालवाहू गाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे.

९. कोल्हापूरची एमएच-०९ गाडी चांगली मिळतीय. तशीच बेळगावात चालवली तर? बारा महिने चालतं म्हणतात.

सीमाभागात सगळ्यात जास्त फसगत इथंच होते, म्हणून सविस्तर लिहितो.

बारा महिन्यांची मुदत कलम ४७ मध्ये आहे खरी, पण ती दुसऱ्या राज्यात नोंदलेली स्वतःची गाडी इथं आणून ठेवणाऱ्यासाठी. तुम्ही ती विकत घेतली की कलम ५० लागू होतं. घेणाऱ्यानं तीस दिवसांत, जिथं तो राहतो आणि गाडी ठेवतो तिथल्या आरटीओत मालकी बदलासाठी अर्ज करायचा. बेळगावला केए-२२, चिकोडीला केए-२३, बैलहोंगलला केए-२४, गोकाकला केए-४९.

क्रम असा. विकणारा आपल्या आरटीओकडून फॉर्म २८ वर एनओसी (ना-हरकत दाखला) काढतो. त्यासाठी कर्ज नील हवं, कर भरलेला हवा, चलनं भरलेली हवीत. मग एनओसी, मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, नव्या नंबरासाठी फॉर्म २७ घेऊन इथं अर्ज, गाडीची तपासणी आणि कर्नाटकचा आजीवन कर.

हा कर हिशेबात धरायला लोक विसरतात. कर्नाटकात नव्या कारला पाच लाखांपर्यंतच्या किमतीवर १३ टक्के आणि पाच ते दहा लाखांवर १४ टक्के कर आहे, वर उपकर. बाहेरून आलेल्या जुन्या गाडीला वयाप्रमाणे तो दर कमी होतो. पण तो मोजतात गाडीच्या मूळ किमतीवर, तुम्ही दिलेल्या भावावर नाही. म्हणून गाडी बघायला जाण्याआधी इथल्या आरटीओत त्या मॉडेलचा, त्या सालचा कर विचारून घ्या आणि तो एमएच गाडीच्या भावात मिळवा. पुष्कळदा त्याच सालची केए गाडी मग स्वस्त निघते. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा राहिलेला भाग परत मागता येतो, तो कुणी घ्यायचा हे व्यवहारातच ठरवून लिहून घ्या.

एनओसी हातात येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. थोडी रक्कम राखून ठेवायची म्हटल्यावर जो विकणारा रागावतो, त्याच्या एनओसीत काहीतरी अडकलेलं असण्याची शक्यता मोठी.

१०. आमचं घर निपाणीत, शेत कागल तालुक्यात. आधार कर्नाटकचं. मग एमएच पासिंग ठेवता येईल का?

कायदा बघतो ते मालकाचं राहणं किंवा धंद्याचं ठिकाण, आणि गाडी नेहमी कुठं उभी असते. शेतावर खरोखर तुमचं बिऱ्हाड किंवा नोंदलेला धंदा असेल, पत्त्याचा पुरावा असेल आणि गाडी तिथं राहत असेल तर एमएच पासिंग रास्त आहे. चंदगड-शिनोळीकडच्यांचंही तेच. नुसता मामाचा पत्ता लावून रोज रात्री गाडी निपाणीत उभी करायची असेल तर नको, अपघाताच्या दाव्यात सगळं उकरून काढतात. सीमाप्रश्न तापला की दोन्हीकडच्या एसटी बंद होतात हे आपण बघत आलोय. अशा दिवसांत पलीकडच्या नंबरची गाडी घेऊन बाहेर पडायलाही घरचे घाबरतात. रोजचं फिरणं ज्या राज्यात, त्याच राज्याचा नंबर बरा.

११. व्यवहाराच्या वेळी कुठले पेपर बघायचे?

एम-परिवहन अॅपवर नंबर टाकला की नोंदणीची मुदत, विमा, फिटनेस आणि बँकेचा बोजा दिसतो. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि सहीशिक्क्याचा, बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पुढं जाऊ नका. "कर्ज कधीच फिटलंय" हे तोंडी ऐकून मी एकदा गाडी घेतली, आणि बँकेचा कागद मिळवण्यात आमचा अख्खा लग्नसराईचा हंगाम गेला. चलनं दोन्ही राज्यांची बघा. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट बसली आहे का, तेही बघा.

एजंट "ओपन सही" करून देतो, म्हणजे फॉर्म २९-३० वर जुन्या मालकाची सही आणि घेणाऱ्याचं नाव कोरं. असली गाडी दोन-तीन हात फिरलेली असते. मूळ मालकाला समोर बघा, त्याच्या फोनवर ओटीपी येतो का बघा. आणि तुम्ही विकणारे असाल तर नाव बदलेपर्यंत रात्री शांत झोपू नका; कागदावर मालक तुम्हीच आहात.

१२. मालक वारलेत, मुलगा विकतोय. घ्यावी का?

आधी गाडी वारसाच्या नावावर होऊ दे. वारसानं तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ वर अर्ज करायचा असतो. बहिणींची संमती राहिली असेल तर ती तेव्हाच निघते, तुमचे पैसे अडकल्यावर नाही.

१३. पंधरा वर्षं झालेली ओम्नी भंगारातच जाते ना?

नाही. तो नियम दिल्लीकडचा. इथं खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर तपासणी होऊन दर वेळी पाच वर्षं वाढते. कारसाठी नूतनीकरणाचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये आहे, आणि वीस वर्षांवरच्या गाडीला २०२५ पासून १०,००० रुपये. वर हरित कर. मुदत संपायला वर्षभरच उरलं असेल तर हा खर्च आणि तपासणीआधीचं पत्र्याचं काम मालकाकडून भावात वळतं करून घ्या. मुदत आधीच संपली असेल तर नूतनीकरण त्यालाच करायला सांगा.

१४. गॅसची गाडी घेऊ का?

कंपनीची सीएनजी ईको असेल तर जरूर, फक्त तुमच्या रोजच्या वाटेवर पंप आहे का बघा. बाहेरून बसवलेलं किट आरसीवर चढवलेलं हवं. सीएनजी सिलिंडरची दाबाची तपासणी दर तीन वर्षांनी लागते, त्याचं प्रमाणपत्र मागा. टाकी मागची जागा खाते, म्हणजे मालवाल्याला तोटा.

घरगुती सिलिंडर ठेवून चालवलेल्या ओम्न्या अजून फिरताना दिसतात. बेकायदा तर आहेच, पण सीटखाली गरम इंजिन, मागे गळकी नळी आणि मध्ये आपली मुलं, असं ते चित्र आहे. हात जोडून सांगतो, तशी गाडी फुकट दिली तरी घेऊ नका.

१५. थर्ड पार्टी विमा आहे म्हणाले. पुरेल?

रस्त्यावरच्या माणसासाठी पुरेल. खासगी गाडीत बसलेल्या तुमच्या पाहुण्यांना नुसता थर्ड पार्टी विमा धरत नाही, त्यासाठी पूर्ण पॅकेज पॉलिसी लागते. माणसं न्यायची गाडी असेल तर इथं काटकसर नको. विमा आपल्या नावावर करायला मालकी बदलल्यापासून चौदा दिवस असतात. विकणाऱ्याचा नो-क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) त्याचाच राहतो, तुम्हाला मिळत नाही.

१६. या गाड्या सुरक्षित आहेत का? लहान मुलं असतात.

खरं सांगायचं तर कमी. २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणीत ईकोला मोठ्यांसाठी शून्य तारे मिळाले होते. ओम्नी नव्या सुरक्षा नियमांत बसणारी नव्हती म्हणून थांबली. तिला समोर बॉनेटचं नाक नाही, धडक थेट पायावर येते. एबीएस आणि ड्रायव्हरची एअरबॅग ईकोला २०१९ पासून आहे, जमलं तर त्यानंतरची घ्या. मुलं मधल्या सीटवर, पट्टा लावून. हायवेला साठच्या पुढं आमची गाडी जात नाही.

१७. ओम्नी-ईको सोडून दुसरं काही?

माणसं जास्त आणि माल कमी असेल तर जुनी अर्टिगा किंवा २०१९ नंतरची ट्रायबर बघा. ट्रायबरची मागची सीट काढून ठेवता येते. शेवरोलेची एन्जॉय, टवेरा स्वस्तात मिळतात, पण कंपनीनं २०१७ मध्ये इथली विक्री थांबवली. पार्ट सांभाळून असलेला मिस्त्री ओळखीचा असेल तरच घ्या.

१८. भजनी मंडळाच्या नावावर गाडी घेता येते का?

मंडळ नोंदणीकृत असेल तर येते. ठराव, मंडळाचं पॅन, पत्त्याचा पुरावा आणि सही कुणी करायची त्याचं पत्र लागतं. नोंदणी नसेल तर गाडी एका माणसाच्या नावावर जाते, आणि दंड, अपघात, कर सगळं त्याच्याच डोक्यावर. त्या माणसाला हे आधी समजावून सांगा आणि वर्गणीचा हिशेब कागदावर ठेवा. गाडी मंडळाच्या नावावर असली की मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा लागू होत नाही, म्हणून ड्रायव्हरसाठी वेगळा अपघात विमा उतरवा. पंढरपूरची वारी एकादशीच्या आसपास असते आणि सगळी मंडळं गाडी शेवटच्या आठवड्यात शोधतात. नावावर व्हायला लागणारे दिवस धरून दोन महिने आधी निघा.